ळ राहिला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त मुद्रितशोधक, म्हणजे छापण्याआधी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेली बाई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझ्या भावाचा उल्लेखच नव्हता.

१. राहत्या दोन खोल्या मुलगा व सून यांना समान हक्काने मिळाव्यात. सुनेने एकदा मोबाइलवर, घरच्या ग्रुपवर लिहिले, "आईंना ताप आहे, सगळ्यांनी काजळी घ्या." मी तापातच उठून "काळजी" अशी दुरुस्ती केली. मग रोज प्रत्येकाची वेलांटी तपासू लागले. महिन्याभरात ग्रुप ओस पडला. नंतर कळले, मला वगळून दुसरा ग्रुप निघाला होता आणि तिथे सगळे मनसोक्त चुकत होते. हल्ली विरामचिन्हांच्या जागी हसरे चेहरे टाकतात. हे मला मान्य नाही, मरेपर्यंत होणार नाही. मात्र सुनेवरचा राग या कलमाने संपला.

२. छापखान्याच्या मालकांना काहीही नाही. "ताई, आता मशीन तपासतं," म्हणत त्यांनी मला घरी बसवले आणि पुढच्याच पुस्तकात पहिल्या पानावर 'प्रस्थावना' छापली. त्याच्या दोन प्रती मी आनंदाने विकत घेतल्या. एक त्यांना सप्रेम पाठवावी.

३. शब्दकोश, भिंग आणि माझे लिहिण्याचे टेबल धाकट्या भावाला. तो वेल्डर, शाळा चौथीत सुटली. माझ्या लग्नानंतर त्याने मला पत्र लिहिले होते. मी ते तपासून, दहापैकी तीन गुण देऊन परत पाठवले. त्यानंतर पन्नास वर्षे तो येत राहिला, नळ दुरुस्त करून गेला, पोट धरून हसला. पण मला एक ओळ लिहिली नाही. मला वाटे, कामात असेल. कामात कसला! घाबरला होता.

गेल्या वर्षी माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्याची पहिली ओळ आली: "ताइ डोळा कसा आहे मि येतोय घाबरु नको." एका डोळ्याने मी ती चारदा वाचली. विरामचिन्हे सोडून चुका तीन. बोट दुरुस्तीकडे गेले, थांबले. मी लिहिले, "ये. वाट पाहते."

सून धावत आली. "आई, बरं वाटतंय ना? तुम्ही चूक काढली नाहीत!"

तेव्हापासून भाऊ रोज लिहितो. वेल्डिंगचे किस्से, बायकोच्या तक्रारी, पानभर, पूर्णविरामाशिवाय. त्याच्यामागून बाकीचेही परतले.

४. शेवटची सूचना. पट्टी निघाली त्या दिवशी मी ग्रुपवर लिहिले होते, "आता तुम्ही सगे स्पष्ट दिसता." भावाने लगेच पकडले: "ताइ ळ राहीला!" आठवडाभर तो कॉलर ताठ करून फिरला. मी तो शब्द नीट पाहिला. सगळे म्हणायचे होते, सगे लिहिले गेले. ही चूक मी दुरुस्त केलेली नाही. वारसांनीही करू नये.

सही: ताई
साक्षीदार: १. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई २. छापखान्यातले जुने कंपोझिटर
ठिकाण: स्वयंपाकघर, खिडकीजवळ
दिनांक: आजचा, रविवार, सकाळी दहा