छोटी नाणी

तीर्थरूप आईस वाकून नमस्कार,

रुपयाची छोटी नाणी सरकारी चलनातच आहेत, ती कुणालाही नाकारता येत नाहीत, असं आज बँकेच्या कॅशियरने सांगितलं.

मी ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या औषधाच्या दुकानात ‘छोटी नाणी चालणार नाहीत’ अशी पाटी मीच लावली होती. गल्लीत कुणीच घेत नव्हतं, म्हणून आम्हीही नाही. काल एका आजींनी खोकल्याच्या औषधासाठी रुमालातली नाणी काउंटरवर ठेवली. मी पाटीकडे बोट दाखवलं.

“बाळा, नाण्यावर सरकारचा शिक्का आहे. तुझ्या पाटीवर कुणाचा?”

रांगेतले हसले, मीही हसलो. त्या खोकत खोकत पायऱ्या उतरल्या. तू असतीस तर माझ्याकडे बघितलंही नसतंस.

आज बँकेतून आल्यावर पाटी काढली. मालक म्हणाले, “लावलीस तू, आता निस्तर तूच.”

आजी मागच्या गल्लीत लेकीकडे राहतात. उद्या दुकान उघडण्याआधी औषध घेऊन जाणार आहे. फुकट दिलं तर त्या घ्यायच्या नाहीत. त्यांनी नाणी पुढे केली, तर दोन्ही हातांनी घेईन.

तुझा,
धाकटा