ह्यांचा ओएचपी

१२ एप्रिल

हे भंगारवाल्याच्या ठेल्यावरून एक डबडं घेऊन आले. ओएचपी, तो जुना प्रोजेक्टर! शेतीखात्यात असताना कुहीच्या ट्रेनिंगला असंच एक घेऊन फिरायचे, कपाशीवरच्या अळ्या भिंतीवर म्हशीएवढ्या करून दाखवायचे. आता रिटायर माणसाला कोणत्या अळ्या दाखवायच्या आहेत? विचारलं तर म्हणाले, "असंच. दिसला तं घेतला."

असंच म्हणून ह्यांनी आयुष्यात काडेपेटीसुद्धा घेतली नाही.

१५ एप्रिल

मागच्या खोलीचं दार भर दुपारी बंद. कूलर हॉलमध्ये, आणि हे आत भट्टीत दिवा लावून बसलेत. दाराखालून पांढराफटक उजेड, आतून पंख्याची घरघर. दार वाजवलं तशी घरघर थांबली. "काही नाही वं देवकी, जुनं सामान पाहून राहिलो." घामानं चिंब.

दाल में काला आहे.

१६ एप्रिल

पेपरवाला हल्ली पुसट पेपर टाकतो. वहीच्या रेघाही फिक्याच. सगळीकडे शाईची काटकसर.

१८ एप्रिल

किचनच्या टाइल्सची ओळ मधोमध पोट सुटल्यासारखी वाकली आहे. मिस्त्रीला बोलावून झापलं. त्यानं पट्टी लावली, म्हणे सरळ आहे. पट्टीही वाकडीच होती त्याची.

१९ एप्रिल

धंतोलीला डोळे दाखवले. औषध टाकून मला बाहेर बाकावर बसवलं आणि डॉक्टर ह्यांच्याशीच आत बोलत राहिला. डोळे माझे की ह्यांचे? घरी येताना ऑटोत विचारलं. "नंबर बदलला, बाकी काही नाही." ऑटोबाहेर बघून बोलले. खोटं बोलताना हे नेहमी बाहेर बघतात.

२१ एप्रिल

फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. नुसत्या चौकटी, मधोमध एक टिंब. लेआउटचा नकाशा! चौकटी म्हणजे प्लॉट, टिंब म्हणजे विहीर. नागपुरात जन्म गेला, मला लेआउट ओळखू येत नाही?

सकाळी एक एक डोळा झाकायला लावून विचारतात, "रेघा सरळ दिसून राहिल्या का तुले?" खरं तर रेघा वाकड्या होत्या, विहिरीजवळ तर दोन-चार प्लॉट पार गायब. असा वाकडातिकडा लेआउट माझ्या गळ्यात मारायचा बेत दिसतो. मला कळलंय हे कळू द्यायचं नव्हतं. म्हटलं, "सरळ तर आहेत." किती बरं वाटलं त्यांना!

सावनेर रोडचा माझ्या नावावरचा प्लॉट विकून हा घ्यायचा असणार. माझी सही लागेल की. बघतेच.

२४ एप्रिल

आजही विचारलं. आजही म्हटलं, सरळ.

हर्षा आली होती. पोटची पोर, पण बापाच्या बाजूची. स्वयंपाकघरात कुजबुज. मी शिरले तेव्हा एवढंच कानावर पडलं: "बाबा, आईले आत्ताच नका सांगू. घाबरून जाईल." मग दोघं एकदम आंब्याच्या पन्ह्याबद्दल बोलायला लागली.

२६ एप्रिल

हे दूध आणायला गेले तेव्हा मी मागच्या खोलीत शिरले. फ्रिजवरचा नकाशा नेला होता. काचेवर ठेवला, बटण दाबलं. भिंतीवर नुसता काळा चौकोन! बांगडी ठेवली, तिची सावली. हात ठेवला, हाताची सावली. यंत्र बिघडलंय, नाहीतर मला चकवतंय.

२७ एप्रिल

आधी यंत्र कळलं पाहिजे. रव्याचा लाडू देऊन गोडीगुलाबीनं विचारलं, "कसं हो चालतं ते?" माणूस खुलला! खाली दिवा. वर काच, पण साधी नाही, खालून तिला ग्रामोफोनच्या तबकडीसारखी गोल गोल वळणं. जाड भिंगाचं काम ही चपटी काच करते, दिव्याचा उजेड गोळा करून वरच्या डोक्याकडे पाठवते. डोक्यात भिंग आणि आरसा. आरसा उजेडाला भिंतीकडे वळवतो. डोकं वरखाली केलं की अक्षर साफ होतं.

"साधा कागद नाही चालत वं. उजेड आरपार गेला पाह्यजे."

आरपार! म्हणजे ह्यांच्याकडे आरपार कागद आहेत. कपाटावर सीताबर्डीच्या स्टेशनरी दुकानाची पिशवी आहे खरी.

२९ एप्रिल

आज छडा लागला.

हे बँकेत गेले. पिशवीतून पारदर्शक कागद काढला, काचेवर ठेवला. भिंतीवर अक्षरं उलटी पडली. कागद फिरवला. ह्यांच्या हस्ताक्षरात माझं नाव. देवकी, देवकी, देवकी. वरचं हातभर मोठं, खाली लहान लहान होत गेलेलं. वरची तीन दिसली. खालची सगळी धुक्यात. डोकं वर केलं, खाली केलं. धुकं हलेना. यंत्र ह्यांनी सांगितलं तसंच चालत होतं. मग धुकं कुठलं?

मागे वळले तर हे दारात. पासबुक विसरले होते.

"तुह्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होऊन राहिला. डॉक्टरनं फ्रिजवरचा तो कागद रोज दाखवायले सांगितला. रेघा वाकड्या दिसल्या की लगेच आणा म्हणे, डोळ्यात सुई द्यावी लागते. तू रोज म्हणत होती, सरळ."

मी खाली बसले. विहीर नव्हती ती.

"अन् हे डबडं?"

"दवाखान्याच्या आधीच तुही डायरी खाटेवर उघडी दिसली. वाचली नाही मी. पण ओळी एकमेकीवर चढून राहिल्या होत्या. तुले लिहिल्याबिगर जमत नाही. केवढं अक्षर दिसंल, ते पाहून राहिलो होतो."

वाचली नाही म्हणे! खूप रडले. त्यांच्यावर ओरडलेही. मला न विचारता माझ्या डोळ्यांचं गुपित करणारे हे कोण?

३० एप्रिल

डॉक्टरला खरं सांगितलं. वाकड्या. पहिल्या दिवसापासून वाकड्या. गेलं ते येणार नाही, उरलेलं राखू म्हणाला. सुई दिली. ह्यांचा हात इतका दाबला की त्यांची अंगठी मला रुतली.

६ मे

ही नोंद वहीत नाही. काचेवरच्या कागदावर स्केचपेननं लिहितेय. तोंड दाराकडे, भिंत पाठीमागे. एक ओळ लिहायची, वळून वाचायची. अक्षर हातभर!

कडी आतून लावली आहे. हे बाहेर खुर्ची टाकून बसलेत. विचारतात, "काय लिहून राहिली वं?"

म्हटलं, तुमचंच.