शाळाप्रेमाची सरासरी

२ जुलै, सोमवार
पर्यवेक्षकांची जागा रिकामी झाली. मुलांना शाळेबद्दल आपुलकी वाटेल असं काही करून दाखवणाऱ्याचाच विचार होईल, असं मुख्याध्यापिका बाईंनी स्टाफरूममध्ये सांगितलं. पीटीचे सर लगेच म्हणाले, वर्गावर्गांच्या मॅचेस घेऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हणालो, आपुलकी वाढवायची तर आधी ती किती आहे हे मोजायला नको का? शांतता पसरली. माझ्या मुद्द्यांनंतर ती नेहमीच पसरते.
चोवीस वर्षं गणित शिकवतोय. ही जागा माझीच.

५ जुलै
प्रश्नावली तयार. साठ प्रश्न, प्रत्येकाला एक ते दहा गुण. प्रश्न सतरावा मला स्वतःला फार आवडला: ‘शाळेच्या जिन्याबद्दल तुम्हाला किती अभिमान वाटतो?’
बायकोला वाचून दाखवली. तेविसाव्या प्रश्नाला ती गॅस बंद करायला म्हणून उठली, ती आलीच नाही.
मुलांनी नाव लिहायचं नाही. गुप्तता महत्त्वाची. फक्त इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक.

९ जुलै, सोमवार
पहिली फेरी, आठवी-नववी. गणिताचा तास देणं शक्यच नव्हतं, पोर्शन मागे पडलाय. पीटीचा घेतला. मुलं बूट बांधून, बॉल घेऊन मैदानाकडे निघालेली. वळवून बाकांवर बसवली.
सरासरी ६.८. बरी आहे. सुधारणेला वाव.

१६ जुलै, सोमवार
एकाच मोजणीवर विसंबणं अशास्त्रीय. आता दर सोमवारी, त्याच तासाला. परिस्थिती समान ठेवायची असते, हे पीटीच्या सरांना समजावून सांगितलं. त्यांनी शिट्टी खिशात टाकली आणि निघून गेले.
सरासरी ५.१. शाळेत काहीतरी बिघडलंय. बरं झालं, मी वेळेवर मोजायला घेतलं!

२३ जुलै, सोमवार
३.४. म्हणजे आठवड्याला बरोबर १.७ ची घट! आलेख काढला तर पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. या हिशेबाने सहा ऑगस्टला शाळाप्रेम शून्य होणार आणि तेराला उणे.
मुलगी याच शाळेत नववीत आहे. म्हणाली, बाबा, गुण एकपासून आहेत, मग शून्य कसं येईल? तिला ट्रेंड हा प्रकार अजून शिकवलेला नाही. पुढे म्हणाली, मुलांना खेळू द्या ना. मी म्हटलं, भावनेच्या भरात निष्कर्ष काढू नयेत.

२४ जुलै
बाईंना आलेख दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, की हे कुठल्या तासाला घेता? पीटीच्या, म्हणालो. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. भारावल्या असाव्यात.

२६ जुलै
हजेरी क्रमांकांवरून सर्वांत कमी गुण देणारे अकरा जण शोधले. एकेकाला बोलावून अगदी प्रेमाने विचारलं, की तुझी अडचण नेमकी काय आहे? एक रडला. संवेदनशील वय.
मुलगी हल्ली शाळेत माझ्याबरोबर येत नाही. आधीच निघते. अभ्यासू झालीय.

३० जुलै, सोमवार
दहा!!! प्रत्येकाचे, प्रत्येक प्रश्नाला, दहापैकी दहा. जिन्यालासुद्धा. उत्तरांत तिळमात्र फरक नाही. इतकं एकमत जगात कुठल्याही सर्वेक्षणात झालं नसेल.
घरी आइस्क्रीम नेलं. मुलीने घेतलं नाही. म्हणाली, दहा दिले नाहीत तर तुम्ही बोलावून घेता. ठीक आहे. एका व्यक्तीचं मत.

१ ऑगस्ट
अहवाल दिला. अडतीस पानं, स्पायरल बाइंडिंग. परवा हॉलमध्ये नवा पर्यवेक्षक जाहीर होणार. भाषणाचे मुद्दे काढले. पीटीच्या सरांचाही एका वाक्यात उल्लेख करेन. मन मोठं असावं.

३ ऑगस्ट, शुक्रवार
बाईंनी माइकवर आधी माझे आभार मानले. सरांनी फार मेहनत घेतली, म्हणाल्या. मी शर्ट नीट करून खुर्चीवरून अर्धा उठलो. मग त्या म्हणाल्या, सर्वेक्षण आजपासून बंद, सोमवारचा खेळाचा तास पुन्हा सुरू, आणि नवे पर्यवेक्षक पीटीचे सर.
टाळ्या. शिट्ट्या. सवयीने घड्याळ बघितलं, बावन्न सेकंद. चोवीस वर्षांत या हॉलमध्ये असा उत्साह मी पाहिला नव्हता.
नववीच्या रांगेत माझी मुलगी होती. दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होती.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मी तसाच अर्धा उठलेला होतो. मग पूर्ण उभा राहिलो आणि मीही टाळ्या वाजवल्या, नाहीतर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.