मधला चौकोन

आई, धाकटी काल पुण्याला गेली. तिचा मुलगा गाडी घेऊन आला होता. मागच्या सीटवर उशा लावून आम्ही तिला बसवलं, पायांवर नवी कौदी पांघरली, आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी फाटकात उभी राहिले. तू जाऊन अकरा वर्षं झाली. मधलं काही तुला माहीत असायचं कारण नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

सहा महिन्यांपूर्वी तिला पक्षाघात झाला. उजवा हात आणि वाचा, दोन्ही एकदम गेली. मुलाची जागा लहान आणि तिसऱ्या मजल्यावर, म्हणून तळमजल्यावरचं घर मिळेपर्यंत ती माझ्याकडे सोलापुरात राहिली. बोलायला जाते तेव्हा तिच्या तोंडून एकच आवाज निघतो, ‘अं’ आणि ‘हां’च्या मधला. पाणी हवं असलं तरी तोच, नको असलं तरी तोच. डॉक्टर म्हणतात, तिला बरंचसं कळतं. बरंचसं म्हणजे किती, ते त्यांनाही सांगता येत नाही. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, डाव्या हाताला आवडीचं काहीतरी काम द्या. मग भाच्यानं मोबाईलवर गोधडीच्या नक्षीचे चौकोन पाठवले. कुठला तिरका दुभागलेला, कुठला चार त्रिकोणांचा, कुठला नुसत्या पट्ट्यांचा. ते छापायचे, कापायचे आणि पत्त्यांसारखे मांडून बघायचे. मी तुझ्या ट्रंकेतल्या कपड्यांचे फोटो काढले, झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलीकडून ते त्या चौकोनांत भरून घेतले आणि जाड कागदावर रंगीत छापून आणले. तुझं जांभळं सुती, आमच्या फ्रॉकचं ठिपक्यांचं चीट, अण्णांचा पट्ट्यांचा सदरा. आडवे पाच, उभे पाच.

धाकटीला ते फारच आवडलं. डाव्या हातानं एकेक चौकोन फिरवून बघायची. एके दिवशी पायऱ्या निघायच्या, एके दिवशी पतंग, एके दिवशी जिला काही नावच देता येणार नाही अशी नक्षी. तिनं एकदा मांडलेली पुन्हा मांडली नाही. मी रोज फोटो काढून भाच्याला पाठवायची. प्रत्येक फोटोत मधला चौकोन मात्र मोकळा.

तू असं काही आधी मांडून बघितल्याचं मला आठवत नाही. भांडी आवरली की स्वयंपाकघरातच जुनं लुगडं अंथरायचीस आणि कोपऱ्यापासून टाके घालत आत आत यायचीस. पुढचा तुकडा कुठला, म्हटलं की उत्तर ठरलेलं, हातात येईल तो. आम्ही शाळेत कौदीला गोधडी म्हणायला लागलो, तू अक्कलकोटकडची, तुझी कौदी ती कौदीच राहिली. मला एक दुपार दिसते. मी दहा वर्षांची, ती सात. तू तिला वीतभर कोपरा दिला आहेस आणि तिनं तुकडे वेडेवाकडे ठेवले आहेत. ती पाणी प्यायला उठते, मी ते सरळ करते, आणि तुझी चापट माझ्या हातावर बसते. “तिचं तिला करू दे की. वाकडं तुझ्या डोळ्यात हाय, तिच्या न्हाय.” मला रडू आलं नाही, राग आला. सरळच तर केलं होतं.

हाच स्वभाव घेऊन मी वर्तमानपत्रात तीस वर्षं काढली आणि तिथं तो गुण ठरला. पान छपाईला सोडायची वेळ झाली आणि दोन बोटं जागा उरली, की मी एखादी आरोग्याची सूचना, एखादी पाककृती टाकून ती भरायची. रिकामी जागा दिसली म्हणजे कुणीतरी कामात चुकलं, एवढंच मला कळायचं. त्यामुळे धाकटीची मांडणी बघताना माझा हात आपोआप मध्ये जायचा. मी जांभळा ठेवला, तिनं बोटानं सरकवून काढला. ठिपक्यांचा ठेवला, तोही काढला. तिसऱ्या दिवशी मी जरा चिडूनच विचारलं की तिथं हवंय तरी काय. तिनं तो आवाज केला आणि माझ्याकडे बघत राहिली.

तेव्हा मला कळलं. निदान कळलंसं वाटलं. तुझ्या सगळ्या कपड्यांचे चौकोन झाले होते, एक सोडून. हिरवं इरकली लुगडं. ते ट्रंकेत नव्हतं, माझ्या कपाटात होतं. तिच्या मुलाच्या बारशाला तू ते नेसली होतीस आणि घडी घालताना आम्हा दोघींसमोर म्हणाली होतीस, हे धाकटीला. तुझे दिवस झाल्यावर आम्ही तुझे कपडे आवरून ट्रंकेत भरले. ती पाहुण्यांना चहा द्यायला बाहेर गेली होती, तेव्हा मी ते माझ्या पिशवीत तळाशी घातलं. तिनं कधी विचारलं नाही. विसरली असेल, असं मी धरून चालले.

दोन दिवस विचार केला आणि त्या लुगड्याचा फोटो काढून एक चौकोन छापून आणला. बाकीच्यांत मिसळून तिच्यापुढे ठेवला. तिनं तो लगेच उचलला. काठावरून अंगठा फिरवला, कागदच तो. मग मध्ये न ठेवता, सगळ्या मांडणीच्या बाहेर, माझ्या गुडघ्यापाशी आणून ठेवला. तुझं तू ठेव, असं म्हणत होती, की तुझ्याकडे आहे ते मला ठाऊक आहे, असं? मी विचारलं, “लुगडं माझ्याकडे आहे. तुला हवंय का?” तिनं आवाज केला. मी पुन्हा विचारलं, हवं असेल तर माझा हात दाब. तिनं हात दाबला. नको असेल तर दाब, म्हटलं. पुन्हा दाबला. मग थकून डोळे मिटले.

भाच्यानं रविवारी न्यायला येतो म्हणून कळवलं. मी दुधनीकडच्या एका कौदी शिवणाऱ्या बाईला बोलावलं, धाकटीची मांडणी ट्रंकेतल्या खऱ्या कपड्यांत शिवून घ्यायला. कागदाचे चौकोन बघून ती हसली. “कागद पांघरून थंडी जाती व्हय बाई?” पण धाकटीला म्हणाली, लई झ्याक मांडलंय की. मग बोट ठेवून मला विचारलं, “हितं मधी काय घालू?” धाकटी माझ्याकडे बघत होती. शिवायला चार दिवस होते, रविवार पुढे सरकणार नव्हता. मी म्हटलं, अण्णांच्या धोतराचं पांढरं घाला. धाकटीनं आवाज केला. बाईनं विचारलं, काय म्हणतात ताई? चालेल म्हणते, असं मी सांगितलं. शेवटची बाजू बंद करायच्या आधी बाईनं भाकरीचा तुकडा मागितला, तू घालायचीस तसाच, कौदीचं पोट उपाशी ठेवायचं नाही म्हणून. तो धाकटीनं स्वतःच्या डाव्या हातानं आत सारला.

काल भाचा म्हणाला, मावशी, ही सगळी नक्षी आईची? मी म्हटलं, सगळी तिचीच. ती मधल्या पांढऱ्या तुकड्यावर बोट ठेवून बसली होती. तिची बॅग बंद करायच्या आधी मी आत गेले आणि लुगडं बाहेर काढलं. भाच्यानं हाक मारली, ऊन व्हायच्या आत निघायला हवं. मी ते परत कपाटात ठेवलं.

हे कुठे छापायचं नाही, कुणाला पाठवायचंही नाही, त्यामुळे इथं कुणी एक ओळ कापणार नाही. साडेदहा वर्षं ती बोलत होती तेव्हा मी विचारलं नाही. बोलणं गेल्यावर विचारलं. आणि आई, तिचा तो पहिला आवाज, हात दाबायला सांगण्याच्या आधीचा, मला हो असाच ऐकू आला होता.