मालकाचा बेमुदत संप

सोमवार, ८ जानेवारी १९९६. सकाळी साडेनऊ

आल्याआल्या रोजच्यासारखी सगळ्यांची विचारपूस केली. रघु, कंबर काय म्हणते? म्हणाला, बिनपाठीच्या स्टुलावर जे म्हणायचं तेच म्हणते. कालिंदी, सासूबाईंचा मोतीबिंदू? पिकला. मशीन नंबर दोन? घरघरतंय, पण जिवंत आहे. मालन, तुझा खोकला गेला का गो? बघतो तर मालनच नाही.

दहा वाजता

कालिंदीने चिठ्ठी दिली. 'काका, आजपासून मी तुळशीदासशेठकडे. राग मानू नका. मालन.'

राग कशाला मानू? सूड घेणार आहे.

हा तुळशीदास गिरणीत माझ्याच खात्यात लूमवर होता. ब्याऐंशीच्या संपात सगळे उपाशी बसलेले, तेव्हा हा पोलिसांच्या गाडीतून कामावर गेला. आता लोअर परळला बंद गिरणीच्या गाळ्यात एसी लावून मराठी फॉन्ट विकतो. मीही डिलाईल रोडला चाळीच्या खोलीत तेच विकतो. एसी तेवढा नाही. पण मी जुनी पुस्तकं वाचून एकट्याने कॉम्प्युटर शिकलो आणि मालनला बोटाला धरून शिकवला. तीन वर्षं खपून पोरीने दोनशे बारा अक्षरं काढली. त्या फॉन्टला मी स्वतःचं नाव दिलं: 'गुणाजी'. याहून तिचा मान तो काय करायचा?

संकल्प: १) मालन महिन्याच्या आत परत. २) तुळशीदास रस्त्यावर. ३) तंबाखू बंद.

मंगळवार, ९ जानेवारी

गिरगावच्या छापखानेवाल्या तात्यांना पंचवीस तारखेला जाड्या ठशाचा 'गुणाजी' द्यायचाय. हे गिऱ्हाईक गेलं तर दुकान गेलं. निम्मी अक्षरं मालनच्या डोक्यात राहिली. हरकत नाही. स्वतः बसलो आणि दुपारपर्यंत क्ष काढला. रघु म्हणाला, काका, कोळंबी झकास आलीय.

तंबाखू उद्यापासून बंद.

गुरुवार, ११ जानेवारी

नारळ ठेवून गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं. 'बा देवा म्हाराजा, आमचा माणूस जेणी फोडल्यान, तेच्या कंप्युटरात वायरस घाल रे म्हाराजा!' रघु आणि कालिंदी जोरात म्हणाले, 'व्हय म्हाराजा!' बरं वाटलं. मग म्हटलं, 'हयसून दुसरीकडे जावची बुद्धी कोणाक होव नये रे म्हाराजा!' तेवढ्यात रघुला ठसका लागला. कालिंदी पाणी आणायला गेली.

शुक्रवार, १२ जानेवारी

मशीन नंबर दोनमध्ये वायरस शिरला. जाड्या फॉन्टची फाइल गेली. रघु म्हणतो, काका, गाऱ्हाण्यात पिनकोड घालायचा राहिला.

सोमवार, १५ जानेवारी

तुळशीदासला सरळ करायचा उपाय सापडला. मला येतं तेच करायचं. संप! गुरुवारी अठरा तारीख, गिरणीचा संप सुरू झाला तोच दिवस. दुकानाला टाळं आणि तुळशीदासच्या गेटवर धरणं. मागणी एकच: मालन परत द्या.

कालिंदीने विचारलं, मालक कधी संपावर जातो का हो? मी म्हटलं, इथे मालक-बिलक कोण नाय, आपण एक घर. ती म्हणाली, मग घरच्यासारखं शनिवारी अर्ध्या दिवसाने सोडा. तिला विषय बदलायची सवयच आहे.

गुरुवार, १८ जानेवारी

गेटवर काळी फीत लावून, मागणीचा बोर्ड घेऊन बसलो. वॉचमन आनंदा आमच्याच गिरणीतला निघाला. बोर्ड वाचून म्हणाला, गुणाजीभाऊ, टाळं लावलंत ते स्वतःच्याच दुकानाला? म्हटलं, ही झळ तुळशीदासला लागणार. तो बराच वेळ वर एसीकडे बघत राहिला.

एक वाजता मालन चहा घेऊन खाली आली. मी तोंड फिरवलं. चहा घेतला, चहाशी आपलं भांडण नाही. विचारलं, काय कमी केलं गो तुला? म्हणाली, काका, लोक विचारायचे, हे अक्षर कोणाचं? तुम्ही सांगायचात, माझं.

मग काय खोटं सांगायचो? दुकान माझंच आहे ना. पोरीला तुळशीदासने हे शिकवलं असणार. त्याला सोडत नाही.

शनिवार, २० जानेवारी

संपाचा तिसरा दिवस. शत्रूच्या गोटात हेर पाठवायचं ठरवलं. रघु आणि कालिंदी तिथे इंटरव्ह्यू देणार आणि आतली खबर काढणार. रघुने विचारलं, काका, नोकरी लागलीच तर? म्हटलं, बेधडक घ्या. आतून पोखरा. एवढ्या उत्साहाने दोघांनी माझं कुठलंच काम केलं नव्हतं.

बुधवार, २४ जानेवारी

दोघं सोमवारपासून आत आहेत. खबर नाही. आज रघु गेटमधून जाताना घाईत म्हणाला, काका, पोखरतोय, पोखरतोय.

गुरुवार, २५ जानेवारी

तात्या गेटवर आले. वाटलं, पाठिंबा द्यायला आले. ते म्हणाले, अहो, दुकानाला टाळं, मी माल कुठून घेऊ? आणि वर गेले. अर्ध्या तासाने फ्लॉपी घेऊन उतरले. वॉचमन आनंदाने मला एक छापील पत्रक आणून दिलं. तुळशीदासचा नवा फॉन्ट, वळण मालनच्या हातचं, तेच ओळखीचं. नाव: 'मालन'. साधा, जाडा, तिरपा.

पत्रक पुन्हा पुन्हा वाचलं. काळी फीत काढून खिशात ठेवली.

रविवार, २८ जानेवारी

मालनला फैलावर घेणारं पत्र लिहायला बसलो. चार कागद फाडले. पाचवं जमलं. नक्कल इथे उतरवतो.

'चि. मालनला गुणाजीकाकाचा आशीर्वाद. संप बिनशर्त मागे घेतला आहे. तुझी अक्षरं पाहिली. नाव शोभतं. आधीच ठेवायला हवं होतं, पण मला ते सुचलं नाही. तू परत ये, असं लिहिणार होतो. पण कुठे परत ये, ते लिहिता येईना. तुमच्याकडे माणसं घेतायत असं कळलं. मला टायपिंग येतं, शुद्धलेखन तपासता येतं. तुझ्या हाताखाली काम करायची तयारी आहे. तुळशीदासला शेठ मात्र जन्मात म्हणणार नाही. फार तर साहेब म्हणेन. उत्तर लवकर धाड.'