कलम सात : नातेवाईक बाद

३ जून, संध्याकाळ
आज मी कायदामंत्री झालो. बिनविरोध. देश कॉम्प्युटरवरच्या खेळातला असला म्हणून काय झालं? संसद आहे, कोर्ट आहे, राष्ट्राध्यक्ष आहेत. ते एरवी गुरांचे डॉक्टर आहेत, पण देशात त्यांच्या शब्दाला वजन आहे. बायकोला बातमी सांगितली तर म्हणाली, बरं झालं, आता बदलीच्या अर्जाचं बघा.
आमच्या लिफ्ट कंपनीची एक शाखा मुलीच्या गावी आहे. मुलीला बाळ झालंय, तिला आईबाबा जवळ हवेत. तिथे एक जागा रिकामी होतेय. अर्ज महिनाअखेरपर्यंत द्यायचा. अर्ज म्हणजे काय, दहा मिनिटांचं काम. आधी देशाचं बघू. ज्युरी कशी निवडायची याचे नियमच नाहीत म्हणून इथे एकही खटला उभा राहत नाही. रविवारपर्यंत नियम, सोमवारी अर्ज. ठरलं.

६ जून, ऑफिसात
मसुदा रंगात आलाय. कलम सातवर तर मी स्वतःच खूश आहे. आरोपीला किंवा फिर्यादीला देशाबाहेर ओळखणारा बाद. त्यांच्याशी कधी भांडलेला बाद. नातेवाईक बाद. निःपक्षपातीपणा कशाशी खातात ते आता लोकांना कळेल.
दुपारी एका बाईंचा फोन आला. लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. तक्रार विभागात मीच असतो. आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, असं सांगून त्यांना होल्डवर ठेवलं आणि कलम आठ हातावेगळं केलं. मग त्या राहूनच गेल्या. शेवटी शेजारच्या टेबलावरचा मेकॅनिक धावला. परत येऊन मला नाही नाही ते बोलला. कायद्याच्या कामाची कुणाला कदर नाही.

९ जून, रविवार
नियम झाले नाहीत. सगळा दोष विरोधी पक्षाचा. त्यांच्या नेत्याने स्वतःचं नाव ‘सम्राट’ ठेवलंय, यातच सगळं आलं. म्हणतो, मंत्रिमहोदय, देशात नेमाने येणारी माणसं नऊ. प्रत्येक जण प्रत्येकाशी भांडलेला. मग ज्युरीत बसवणार कुणाला, तुमच्या खुर्चीला? मी म्हटलं, कायदा सोयीसाठी करायचा नसतो. तो नुसते हसरे चेहरे टाकत राहिला. मी आठवडाभर त्याचं लिहिणं बंद करून टाकलं. मंत्र्याला तेवढा अधिकार असतो. नसला तर असायला हवा.
अर्ज उद्या.

१२ जून
अर्ज राहिला. पण एक चांगली गोष्ट घडली. देशाला नवीन नागरिक मिळाली. नाव ‘पाहुणी’. माझे सगळे मसुदे वाचते, अगदी तळटीपांसकट. विचारत होती, ज्युरी निवडताना त्या माणसाला दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय आहे का, हे बघता का? काय प्रश्न आहे! मी पानभर उत्तर लिहिलं. मग तिने विचारलं, एखादी गोष्ट घरी कितीदा विचारूनही उत्तर मिळत नसेल, तर देशात दाद कुठे मागायची? मी कळवलं, घरगुती बाबी संसदेच्या कक्षेत येत नाहीत. तिने लिहिलं, बरं.
घरी मात्र उलटी तऱ्हा. बायको हल्ली स्वयंपाकघरात स्टुलावर बसून सारखी मोबाइलमध्ये डोकं घालून असते. आज चहा दोनदा उतू गेला. हे व्यसन बरं नव्हे. एकदा तिच्याशी बोललं पाहिजे. नियम मंजूर झाले की बोलतो.

१६ जून
मंजूर! चार विरुद्ध तीन. पाहुणीचं मत माझ्या बाजूने पडलं.
मुलीचा फोन. अर्ज दिलात का बाबा? मी म्हटलं, चक्रं फिरताहेत. खोटं नाही. मनात फिरताहेतच.
बायको म्हणाली, अहो, तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन. हे ती रागाने म्हणाली नाही. म्हणजे गंभीर नसावं.

१९ जून
देशातला पहिला खटला! सम्राटाने माझ्यावरच भरलाय, लिहिणं बंद केलं म्हणून. आरोपी असलो तरी छाती भरून आली. माझे नियम पहिल्यांदा माझ्यावर चालणार. असा मान किती मंत्र्यांना मिळतो?

२२ जून, संध्याकाळ
ज्युरीची निवड झाली. म्हणजे झाली नाही. नियमाप्रमाणे आरोपीने उमेदवारांना प्रश्न विचारायचे. तीन जण माझ्याशी भांडलेले निघाले, बाद. एक सम्राटाचा मेहुणा, बाद. दोघे जण म्हणजे चौकशीअंती सम्राटच निघाला, दुसऱ्या नावांनी आलेला. राष्ट्राध्यक्ष गैरहजर, कुठेतरी गाय अडली होती. उरली पाहुणी.
मी विश्वासाने विचारलं, दोन्ही पक्षांपैकी कुणाला देशाबाहेर ओळखता?
उत्तर आलं, आरोपीला. एकोणतीस वर्षं.
मला वाटलं काहीतरी घोटाळा आहे. विचारलं, नातं?
उत्तर आलं, बायको. स्वयंपाकघरात बसले आहे. चहा टाकू का?
सगळा देश हे वाचत होता. सम्राटसुद्धा.
मी उठलो नाही. हे इथे लिहून ठेवतो, कारण त्यात तत्त्व होतं. सगळ्यांच्या देखत मी लिहिलं, कलम सात, नातेवाईक बाद. माझ्याइतका निःपक्षपाती आरोपी या देशाने पाहिला नसेल.
आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला. चहा आला नाही.

२३ जून
तिने तिकीट काढलं. म्हणाली, तुमच्या त्या देशात तुम्ही सगळ्यांना उत्तरं देता, म्हणून आले होते. मला वाटलं, तिथे विचारलं तर मलाही मिळेल.
मी म्हटलं, उद्या नक्की अर्ज देतो. ती म्हणाली, द्या की. आणि माझे शर्ट इस्त्री करत बसली. सगळे केले. हिवाळ्यातलेसुद्धा.

२७ जून
ती गेली. स्टेशनवर पोचवायला जाणार होतो, पण सुनावणीची वेळ तीच होती. फक्त पाच मिनिटं थांब, म्हटलं. टॅक्सी थांबली नाही. सुनावणीही झाली नाही. ज्युरीच नव्हती.

२८ जून
ऑफिसात जाताच अर्ज दिला. साहेबांनी वाचलाही नाही. ती जागा गेल्या आठवड्यात मेकॅनिकला दिली म्हणे. त्याने येऊन नुसतं तोंडी विचारलं होतं.

३० जून
कलम सातला दुरुस्ती मांडली. नातेवाइकांना ज्युरीत बसता येईल. बायकोला तर बसता आलंच पाहिजे, कारण खरं काय ते तिलाच माहीत असतं. अनुमोदनाला एक जण लागतो. दिवसभर वाट पाहिली. पाहुणीचं नाव उघडलं तर पुढे लिहिलं होतं, नागरिकत्व सोडलं. सम्राटाने खटला मागे घेतला. खाली एकच ओळ, अहो, वहिनींना फोन करा.
केला. मुलीने उचलला. आई बाळाला न्हाऊ घालतेय, थांबा हं बाबा, म्हणाली. मी थांबलो. पलीकडे पाण्याचा आवाज, बाळाचं रडं, मग बायकोचं हसणं. किती दिवसांनी ऐकलं. बराच वेळ ऐकत होतो. मग फोन कट झाला. विसरली असेल मुलगी.
चहा करून घेतला. साखर कुठल्या डब्यात असते ते सापडलं नाही. तसाच घेऊन तिच्या स्टुलावर बसलो. या घरात इतकी वर्षं राहतोय, पण इथे कधी बसलो नव्हतो. समोर दार, दारातून बाहेरची खोली, कॉम्प्युटर, माझी खुर्ची.
इथून माणसाची फक्त पाठ दिसते.