पोपटी चौकटीचा शर्ट

२ सप्टेंबर २००४

आज सासऱ्यांनी माझ्याकडे काहीतरी मागितलं! लग्नाला तीन वर्षं झाली, या माणसाने साधा चहा कधी मागितला नाही. समोर आला तर प्यायचा, नाही तर पेपर वाचायचा. आज ओट्यावरून आवाज – "पोरी, मले एक गोदडी शिवून दे. मायी फाटून राहिली."

मला लॉटरीच लागली. गोधडीचं काम काढलं की भांड्यांतून सुटका. घरभर चिंध्या पसरल्या तरी सासूबाई काही बोलत नाहीत.

५ सप्टेंबर

बोचकं उपसलं. शिवण्याहून मला हेच जास्त आवडतं. नणंदबाईंचा, म्हणजे आमच्या समीक्षाचा, शाळेचा निळा स्कर्ट. यांची लुंगी, तेलाचे डाग तसेच. सासूबाईंचं जांभळं लुगडं – "फाटलं नाई अजून!" म्हणत होत्या, हातात घेतलं तर टरकलं. शेजारच्या शामकलाकाकूंच्या पडद्याचा तुकडा. तो माझ्याकडे कसा आला ते इथेही लिहिणार नाही.

काय करू, माणूस दारात आला की मी आधी कापड बघते, मग तोंड. परवा गॅसवाल्याच्या शर्टाकडे इतकी पाहत राहिले की बिचारा लाजला.

आणि सगळ्यात तळाशी – सासऱ्यांचा पोपटी चौकटीचा शर्ट! मला बघायला आले तेव्हा हाच घालून बसले होते. नवरामुलगा त्या दिवशी कसा दिसत होता ते आठवत नाही, शर्ट आठवतो. तेव्हापासून माझा त्याच्यावर डोळा. बटणं आधीच काढलेली होती. सासूबाईंचं काम, बटण काढल्याशिवाय त्या चिंधी टाकत नाहीत.

विचारायला हवं होतं. पण विचारलं आणि 'नाही' म्हणाले तर? म्हणून आधी कात्री चालवली.

१४ सप्टेंबर

अर्धी झाली. सासूबाईंचं लुगडं आणि माझी माहेरची साडी शेजारी शेजारी बसवली. दोघी अजून तरी भांडलेल्या नाहीत. शर्टाचा खिसा उसवायला मन होईना, तसाच ठेवला – वरच्या बाजूला, मधोमध. काय शोभतो!

धावदोरा घालताना डोक्यातली सगळी कटकट बंद होते. टाका, टाका, टाका. दुपार कधी सरते कळत नाही.

समीक्षा सुईत दोरा ओवून देत होती. तिने नागपूरला नर्सिंगचा फॉर्म भरलाय, ऑक्टोबरात यादी लागेल. "वहिनी, नंबर लागला त मले बी एक गोदडी पायजे." लागू दे गं बाई. माझं बी.ए. पहिल्या वर्षालाच सुटलं, लग्न ठरलं म्हणून. तिने जावंच असं मला वाटतं. फार वाटतं.

१७ सप्टेंबर

गोधडी पूर्ण. सासऱ्यांनी उलटसुलट पाहिली. खिशात बोट घालून पाहिलं. "बेस," म्हणाले. बस्स! एवढंच!

१९ सप्टेंबर, रविवार

मेले मी.

चिचगडहून मोठे सासरे आले. समीक्षासाठी देवरीच्या मुलाचं स्थळ आणलंय. ट्रॅक्टर आहे, दोन बोरिंग आहेत, शिक्षण विचारलं तर पुन्हा ट्रॅक्टर. समीक्षा आत जाऊन बसली. आमच्या सासऱ्यांना या भावानेच लहानाचं मोठं केलं, रेल्वेत चिकटवलं. त्यांच्यासमोर यांच्या तोंडून 'हो दादा'शिवाय दुसरा शब्द आजवर निघालेला नाही. आजही "हो दादा".

मग मोठे सासरे म्हणाले, "अन् मी घेऊन देल्लेला तो पोपटी शर्ट घालूनच बसजो, शालिक. त्याच शर्टावर दोन सोयरिकी जमल्या. त्याच्याबिगर बैठक नोको."

चहाचा ट्रे माझ्या हातात होता. तो पडला नाही हेच नशीब.

२० सप्टेंबर

घरभर शोध. पेटी, माळा, पलंगाखाली. धोब्याला दोनदा बोलणी बसली. सगळ्यात जास्त शोधतात ते सासरे. पिठाच्या डब्यातसुद्धा हात घालून पाहिला! सासूबाई ओरडल्या, "पिठात शर्ट कायले राहीन?"

दुपारी सासरे दमून तीच गोधडी पांघरून झोपले. खिसा बरोबर छातीवर.

२३ सप्टेंबर

गोंदियाच्या बाजारात जाऊन तसलं कापड शोधलं. दुकानदार हसला – "भाभी, ये तो अब बनताइच नहीं." समीक्षा घरी फणफणते आहे. "मुहूर्त मानत नाई, पत्रिका मानत नाई, अन् शर्ट मानून राहिले!" तिला तरी सांगावं का? नको. ती हसेल आणि सगळं बाहेर पडेल.

२६ सप्टेंबर

आज कबूलच करणार होते. पदर खोचून ओट्यापर्यंत गेले. मग डोक्यात उजेड पडला. शर्ट कापला म्हटलं तर मोठे सासरे म्हणतील, गेला तर गेला, नवा घ्या. शर्ट हरवलेला आहे तोवर शोध चालू आहे. शोध चालू आहे तोवर बैठक नाही. आणि यादी लागायला थोडेच दिवस उरलेत!

परत आत आले आणि वरण फोडणीला टाकलं. मीसुद्धा आता मोठ्या जोमाने शोधणार आहे.

३ ऑक्टोबर, रविवार

मोठे सासरे पुन्हा आले. "भेटला का रे?" "नाई दादा. पाहूनच राहिलो." जेवण झालं. त्यांना झोप आली. आणि सासरे काय म्हणाले? "मायी गोदडी घे, दादा." !!!

तासभर घोरले. मी दाराआड उभी. उठल्यावर गोधडीवरून हात फिरवत म्हणाले, "हा तुकडा ओरखीचा वाटून राहिला."

सासरे पेपरातून डोकं वर न काढता – "तो शामकलाच्या पडद्याचा हाय."

बैठक पुन्हा पुढे गेली. पण पडद्याचं सासऱ्यांना कसं माहीत?

११ ऑक्टोबर

नंबर लागला! लागला! समीक्षाने सासूबाईंना उचलून गोल फिरवलं. फी भरून आले, सासरे स्वतः गेले होते. देवरीवाल्यांनी तिकडे दुसरी मुलगी पाहिली म्हणे. मोठे सासरे चिडलेत, पण धोब्यावर.

२३ ऑक्टोबर

काल दीक्षाभूमीवर गेलो आणि तिथूनच समीक्षाला होस्टेलला सोडलं. जिकडेतिकडे पांढऱ्या साड्या! वंदना म्हणता म्हणता मनात आलं, अस्तराला किती होईल हे – आणि पटकन डोळे मिटले.

होस्टेलच्या दारात सासऱ्यांनी पिशवीतून स्वतःची गोधडी काढून तिला दिली. "खिसा वर ठेवजो," म्हणाले. तिला रडू फुटलं. मग मलाही. सासऱ्यांसाठी आता दुसरी शिवायची.

येताना गाडीत सारखं वाटत होतं, सांगून टाकावं. एवढ्या भल्या माणसाला मी महिनाभर पिठाच्या डब्यात हात घालायला लावलं. उद्या सांगतेच.

२४ ऑक्टोबर

सांगितलं. "मामाजी, तो शर्ट मी कापला." ते चहा पीत होते. कप रिकामा केला, सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढून बशीत ठेवलं आणि बशी माझ्याकडे सरकवली. सहा पोपटी बटणं.

"तुया डब्यात ठेव. शर्ट बोचक्यात टाकाच्या पह्यले मीच काढून ठेवली होती. दादाले नोको सांगू."